दारावरचा लीड्सवाला

ऑगस्टमध्ये आमच्या ब्रिस्टलवर सकाळी सकाळी फुगे येतात. हॉट एअर बलून हो, टोपलीत माणसं उभी असतात ते. आमचं घर टॉटरडाउनच्या चढावर, त्यामुळे ते थेट स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जातात, कधी इतक्या जवळून की टोपलीतल्या बाईच्या गळ्यातला मफलर दिसतो. माझे यजमान पुरुषोत्तम त्याच खिडकीपाशी परीक्षेचं पुस्तक उघडून बसायचे आणि पहिला फुगा दिसला की संपलं. मी मागून म्हणायची, "अहो, तो फुगा चालला बाथला. तुम्ही या परत." मग ते पान उलटायचे. न वाचलेलं.

एरवी मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण इथं 'अहो' किती वेळा लिहिणार, म्हणून पुरुषोत्तमच म्हणते. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, मुलगा शांत आहे. नंतर कळलं, शांत वगैरे काही नाही, ते तिथं नसतातच. एकदा कामाहून बेसिंगस्टोकहून ट्रेननं येताना ब्रिस्टलच्या आधी बाथलाच उतरले, आणि तिथून मला फोन केला की नीना, नदीवर काय सुंदर धुकं आहे. मी इकडे कुकर लावून बसलेली. भांडायला तरी समोर माणूस हवा ना.

तर असा हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसला होता. विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी सगळी हयात सॉफ्टवेअर तपासण्यात घालवली. ती टीम बंद झाली. साहेब म्हणाला, सिक्युरिटीच्या टीममध्ये घेतो, पण सप्टेंबरपर्यंत सर्टिफिकेट काढा. म्हणून ते जाडजूड पुस्तक आणि म्हणून ती खिडकी.

त्यांची अभ्यासाची पद्धतही त्यांच्यासारखीच. वाचून झालं की डोळे मिटायचे आणि जे वाचलं ते मला सांगायचं. मी पोळ्या लाटतेय, आणि हे मागं डोळे मिटून बसलेत. "नीना, समज, वेबसाईट म्हणजे आपलं घर. खालून चढावरून लोक येतायत. धुकं आहे. कोण आपलं, कोण परकं, काही दिसत नाही. मग आपण दारावर एक माणूस उभा केला. तो प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो. त्याचं नाव वेब ॲप्लिकेशन फायरवॉल."

"एवढं मोठं नाव कशाला? गुरखा म्हणा."

"गुरखा चेहरा ओळखतो गं. हा फक्त पिशवी बघतो. पिशवीत काही विचित्र दिसलं की संशयाचे गुण देतो. गुण ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की आत सोडत नाही."

आणि हा संशय किती घ्यायचा तेही म्हणे आपणच ठरवायचं. त्याला पॅरॅनॉईया लेव्हल म्हणतात. मला वाटलं हे थट्टा करतायत, पण पुस्तकात खरंच तसं छापलेलं होतं. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंची काढली असती तर यंत्र मोडलं असतं. ते हसले, डोळे मिटूनच.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी मराठी शाळा घेते. तेवीस वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाची शाळा आहे, पण बाई मी एकटीच. डॉक्टरांची मुलं, इंजिनियरांची मुलं, सगळी माझ्या हाताखालून गेली. मी कडक आहे हे मला माहीत आहे, लोक सांगतात तेव्हा मला वाईटही वाटत नाही. लाल पेन वापरते. चूक दिसली की गोल करते आणि खाली लिहिते, 'तपासून पुन्हा लिही'. चूक सांगायची नाही तर बाई कशाला झाले?

आमची मुलगी अनुया याच शाळेत शिकली, बाराव्या वर्षापर्यंत. त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात ती स्टेजवर उतारा वाचत होती, एक शब्द चुकला, मी पहिल्या रांगेतून दुरुस्त केला. तिनं कागद खाली ठेवला आणि माइकसमोरून निघून गेली. त्यानंतर घरात मराठी बंद. मी मराठीत बोलणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. आता लीड्सला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, रविवारी फोन करते, पाच मिनिटं बोलते. हे असं पंधरा वर्षं चाललंय. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

यंदा शाळेत मुलं उरली पाच. मे महिन्यात मंडळाचा सेक्रेटरी गंधार घरी आला. पुण्याचा मुलगा, वर्क व्हिसावर आलेला, वागायला मऊ. चहा घेता घेता म्हणाला, "काकू, कमिटीचं म्हणणं असं आहे, की हॉल दर शनिवारी अडकून राहतो. मुलं येत नाहीत. आणि खरं सांगू का, जी शिकून गेली त्यांना तरी मराठी येतं का?"

मला असं काही लागलं म्हणता. मी म्हटलं, "गंधार, आपल्या साईटवर एक पान काढ. माझ्या जुन्या मुलांना कळव. प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या, काहीही, पण मराठीत, मराठी अक्षरांत. सप्टेंबरच्या मीटिंगपर्यंत दहा जणांनी जरी लिहिलं तरी शाळा चालू राहील. नाही लिहिलं, तर हॉलच्या किल्ल्या मी स्वतः तुझ्या हातात देते."

तो म्हणाला, एवढं टोकाला कशाला जाताय काकू. मी म्हटलं, मला बघायचंच आहे. आणि खरंच बघायचं होतं. तेवीस वर्षं मी पाण्यावर रेघा ओढल्या का, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

त्याच सुमारास मंडळाच्या साईटवर भलतंच काहीतरी झालं. पाडव्याच्या जेवणाच्या पानावर, श्रीखंडाच्या फोटोखाली, कोणीतरी जुगाराच्या जाहिराती चिकटवून गेलं. गंधार हवालदिल झाला. आमच्या यांना मात्र आनंद झाला, लहान मुलाला खेळणं मिळावं तसा. म्हणाले, पुस्तकात वाचतोय ते खरंच करून बघता येईल. एका शनिवारी मी शाळेतून परत आले तर हे लॅपटॉपसमोर, चेहरा असा की जणू खिडकीतून फुगा आत आलाय.

"दारावर माणूस उभा केला," म्हणाले. "पॅरॅनॉईया लेव्हल सगळ्यात वरची ठेवली. अभ्यास होईल."

"नीट चालतोय ना? बघितलंत का करून?"

"बघितलं. दोनदा 'टेस्ट' लिहून पाठवलं. दोन्ही वेळा आत आलं."

शिवाय एक गोष्ट त्यांनी माझ्यासाठी म्हणून केली होती. ज्याला दारावर अडवायचं त्याला एक पाटी दिसते, ती सगळीकडे इंग्रजीत असते. यांनी ती सुरेख मराठीत लिहिली. 'आपले लेखन स्वीकारता येत नाही. कृपया तपासून पुन्हा पाठवा.' मला दाखवून म्हणाले, "ओळखलंस का? अनुयाच्या वह्यांत तू खाली लिहायचीस ना, त्यावरून सुचलं." मी वाचून बघितलं, मात्रा-वेलांट्या जागच्या जागी होत्या. म्हटलं, बरं आहे. चोरांना तरी शुद्ध मराठी वाचायला मिळेल.

जून गेला. पानावर पहिला संदेश आला आश्लेषाचा, लंडनहून. इंग्रजीत. थँक यू नीना आंटी, शनिवार खूप छान होते, माझं मराठी आता अगदीच वाईट आहे, सॉरी. मग नीलचा, बेसिंगस्टोकहून. तोही इंग्रजीत. मग आणखी तिघाचौघांचे, सगळे इंग्रजीत, सगळ्यांत सॉरी. ही आश्लेषा माझ्याकडे दिवाळीवर दीड पान लिहायची. हा नील 'ळ' काढायला लागला तेव्हा मी हॉलमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते.

मी रोज सकाळी फोनवर ते पान उघडायची. चहाच्या आधी. उघडायचं, इंग्रजी बघायचं, मिटायचं. पुरुषोत्तमांना काही बोलायची नाही, त्यांचा अभ्यास. पण रात्रीचं जेवण जात नव्हतं मला. राग येत होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो भांड्यांवर निघायचा.

त्यांचं मात्र मस्त चाललेलं. फायरवॉल कोणाकोणाला अडवतोय त्याची नोंद ते रोज बघायचे. आत काय लिहिलं होतं ते त्यात नसायचं, लोकांचं खाजगी आपण साठवू नये म्हणून यांनीच ते बंद केलं होतं. फक्त किती वाजता, साधारण कुठून आणि गुण किती. जेवताना मला वाचून दाखवायचे. "आज लंडनहून दोन. बेसिंगस्टोकहून एकजण लागोपाठ पाच वेळा. आणि नीना, तो लीड्सवाला परत आला होता."

"कोण लीड्सवाला?"

"आहे एक. फार चिवट. पहाटे येतो, किंवा भर दुपारी. अडवला की जातो, थोड्या वेळानं परत येतो, दर वेळी गुण जरा वेगळे, म्हणजे पिशवीतलं थोडंसं बदलून. पुस्तकात अगदी असंच दिलंय, हल्ला करणारा शब्द इकडचे तिकडे करून बघतो, कुठून आत शिरता येईल ते चाचपतो. मला तर त्याचं कौतुक वाटायला लागलंय."

वाचणाऱ्याला इथंच कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. एकजण फुग्यात, दुसरी रागात.

जुलैतल्या एका रविवारी अनुयाचा फोन आला. हवापाणी झालं. मग इंग्रजीतच म्हणाली, "मम्, वेबसाईटवरचे ते मेसेज कोण तपासतं?"

मी म्हटलं, "मीच. रोज सकाळी."

"सगळे तू स्वतः वाचतेस?"

"एकूण एक."

   ती म्हणाली, ओके मम्, ड्यूटी आहे, जाते. मी फोन ठेवला आणि यांना म्हटलं, बघा, पोटच्या पोरीला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत, वर चौकशी करते. ते म्हणाले, अगं, दमलेली असते ती. मी म्हटलं, दमलेली माणसंही आईला लिहितात. त्या रात्री मी ठरवून टाकलं की शाळा बंद. मीटिंगची वाटही बघायला नको होती खरं तर.

लीड्सवाल्याचं येणं त्यानंतर थांबलं. पुरुषोत्तम दोन-तीन दिवस चुकचुकत होते. "दमला शेवटी," म्हणाले. "आपला माणूस पक्का निघाला."

सप्टेंबर उजाडला. मीटिंग शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर त्याच हॉलमध्ये. आणि यांची परीक्षाही नेमकी त्याच दिवशी, टेम्पल मीड्स स्टेशनजवळच्या सेंटरमध्ये. सकाळी मी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, म्हटलं, खिडकीशेजारची जागा मागू नका. ते निघाले. दारातून वळून म्हणाले, "नीना, किल्ल्या देऊ नकोस गं." मी म्हटलं, तुम्ही पेपरकडे लक्ष द्या.

परीक्षेत काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ते सांगतात तेव्हा खरं किती आणि त्यांना दिसलेलं किती, हे मी विचारत नाही. वेगळं करता येत नाही ते. प्रश्न चांगले चालले होते म्हणे. मग एक प्रश्न आला. एका वेबसाईटवर फायरवॉल बसवल्यापासून पुष्कळ हल्ले अडवले गेले आहेत, पण नेहमीच्या लोकांकडून काही येईनासं झालं आहे. सर्वांत आधी काय कराल? खाली चार उत्तरं. यांनी सवयीनं डोळे मिटले.

मिटल्यावर आमचा चढ दिसला. धुकं होतं आणि धुक्यात माणसं चढून येत होती, तरुण तरुण मुलं, प्रत्येकाच्या हातात पिशवी. दारावरचा माणूस पिशव्या उघडत होता. आत अक्षरं होती, पण अक्षरांसारखी दिसत नव्हती. मराठी अक्षर इंटरनेटवरून जाताना जसंच्या तसं जात नाही, एकेका अक्षराला टक्क्यांच्या चिन्हांत आणि आकड्यांत गुंडाळतात, प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात बांधावा तसं. दोन ओळी लिहिल्या की नुसते कागदच कागद. आणि हा दारावरचा, याला आम्ही सांगून ठेवलेलं की जरा जरी विचित्र दिसलं तरी संशय घे. तो कागद मोजत होता, गुण चढत होते, दार बंद. इंग्रजी दोन शब्द घेऊन आलेला सरळ आत. 'टेस्ट' म्हणणारा सरळ आत. मराठी घेऊन आलेला प्रत्येकजण पाटी वाचून मागं वळत होता. 'आपले लेखन स्वीकारता येत नाही. कृपया तपासून पुन्हा पाठवा.' आणि त्या गर्दीत एक मुलगी पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहत होती, दर वेळी पिशवीतलं काहीतरी नीट करून.

डोळे उघडले तेव्हा, म्हणाले, समोरचा प्रश्न तसाच होता. एका उत्तरावर खूण केली, नुसतं बघा, अडवू नका, आधी तपासा. उरलेले प्रश्न भराभर संपवले, फेरतपासणी केली नाही, आणि हा आयुष्यभर कुठंही वेळेवर न पोचलेला माणूस टेम्पल मीड्सपासून हॉलपर्यंत पळत आला.

इकडे माझा शेवटचा तास झाला होता. पाच मुलांनी फळ्यावर आपापली नावं लिहिली होती. ती पुसायची नाहीत असं मी सांगितलं. कमिटीची मंडळी खुर्च्या मांडून बसली. मायरा नावाची माझी सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी, सात वर्षांची, तिची आई कमिटीत असल्यामुळे मागं बसून राहिली. गंधारनं विषय काढला, मी उठले, पर्समधून किल्ल्या काढल्या. बोलायचं खूप ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच आलं, "मला वाटलं होतं निदान दहा जण."

तेवढ्यात दार उघडून हे आत आले. धापा टाकत, स्वेटर कमरेला बांधलेला.

"नीना, त्यांनी लिहिलंय," म्हणाले. "सगळ्यांनी लिहिलंय. मी आत येऊ दिलं नाही."

आधी कोणाला काही समजलं नाही. मग त्यांनी तिथंच उभं राहून सांगितलं, लाडू आणि कागदांसकट. गंधारला पहिल्यांदा कळलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "काका, देवनागरीत टेस्ट नाही केलं?"

"टेस्ट करताना माणूस इंग्रजीत 'टेस्ट' असंच लिहितो रे," हे म्हणाले, केविलवाणे.

मला पाटीचं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. माझी मुलं ती. त्यांना यंत्र वगैरे काय ठाऊक. मराठीत लिहिलं, पाठवलं, आणि समोर आलं की तपासून पुन्हा पाठवा. त्यांना वाटलं, बाईच. बाईंनी चुका काढल्या. म्हणून एकानंही तक्रार केली नाही. जो तो आपलं शुद्धलेखन तपासत बसला, आणि शेवटी थकून इंग्रजीत सॉरी म्हणाला.

मी यांना त्यानंतर जे बोलले ते सगळं सांगत नाही. तुम्हाला माझ्या शाळेच्या दारावर राक्षस उभा करायला कोणी सांगितलं होतं, इथून सुरुवात केली. ते मान खाली घालून ऐकत होते. मागून मायरा म्हणाली, "बाई, काका रडतायत." मग मी थांबले.

गंधारनं तिथल्या तिथं लॅपटॉप उघडला, यांनी शेजारी बसून फायरवॉलला नुसतं बघायला सांगितलं, अडवायचं नाही. आधीचे संदेश तर गेलेच होते, ते कुठंच साठवलेले नव्हते. गंधारनं जुन्या मुलांच्या ग्रुपवर लिहिलं, चूक तुमची नव्हती, साईटची होती, दार उघडलंय, परत लिहा. आणि आम्ही सगळे त्या स्क्रीनकडे बघत बसलो. कमिटीसुद्धा. चहा मागं तसाच राहिला.

पहिला नील आला. 'बाई, मी पाच वेळा तपासला. मग आजीला नागपूरला फोन केला, ती म्हणाली बरोबर आहे. मला वाटला बाईंची नियम आजीपेक्षा कडक असेल.' मग आश्लेषा. 'बाई तुम्ही कॉम्प्युटरला पण शुद्धलेखन शिकवलं असं आम्ही सगळे बोलत होतो.' मग येतच राहिले. चुका म्हणाल तर ओळीओळीला. दहा कधी होऊन गेले ते कोणी मोजलं नाही. गंधारनं टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या, माझ्या पर्समध्ये टाकल्या आणि चेन लावली. मीटिंगचा पुढचा विषय दिवाळीच्या फराळाचा होता, तो कोणी नीट ऐकलाच नाही.

घरी चढावरून चालत निघालो तेव्हा ऊन कलतं होतं, खाली बंदराकडे पाणी चमकत होतं. मी विचारलं, "पेपरचं काय?"

"अरे हो," म्हणाले, खिशातून चुरगळलेला कागद काढला. "पास झालो."

थोडं वर चढलो. मग तेच म्हणाले, हळू, "नीना, लीड्सला आपलं कोण आहे?"

 मला हॉलमध्येच कळलं होतं. सगळे संदेश येत होते तेव्हा मी एकच नाव शोधत होते, आणि ते आलं नव्हतं. जुलैतला तो फोन मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. सगळे तू स्वतः वाचतेस? एकूण एक. काय वाटलं असेल पोरीला. इतक्या वेळा लिहून पाठवलं आणि आईनं स्वतः वाचून इतक्या वेळा परत केलं.

हे म्हणाले, फोन करूया का तिला. मी नको म्हटलं. मागून घेतलेलं मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. ग्रुपवरचा निरोप तिनंही वाचला असणार. वाचून गप्प राहिली असेल तर? संध्याकाळभर मी फोन उलटा करून ठेवला आणि दर थोड्या वेळानं सुलटा करून बघितला. ह्यांनी खिचडी केली, मीठ विसरले, आम्ही तशीच खाल्ली.

रविवारी सकाळी धुकं होतं. सप्टेंबरातही एखादा फुगा येतो, तसा एक पिवळा फुगा धुक्यातून अगदी सावकाश चालला होता आणि हे चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभे होते. मी टेबलाशी बसून पान उघडलं. नीलच्या वर, आश्लेषाच्या वर, सगळ्यात वर, नाव अनुया. नाइट ड्यूटी संपवून लिहिलेलं.

'आई, मी परत पाठवते. हा शेवटची वेळ आहे. मी बोलते तेव्हा तू चुका काढते म्हणून मी बोलत नाही. पण मला स्वप्न मराठीतच पडतात. त्यात तू मला रागावते आणि मला सगळा समजतो, आणि मी पण बोलते, खूप बोलते, न चुकता. मग उठल्यावर लीड्स असतो आणि कोणाशी बोलायचं ते कळत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग तिचा झोपाळलेला आवाज आला, मम्? आणि मग जरा थांबून, "आई?"

"बोल," मी म्हटलं. "मी ऐकतेय."

आणि ती बोलायला लागली. मराठीत. अडखळत, काहीबाही, वॉर्डातलं, घरमालकिणीचं, बाहेर पाऊस आहे म्हणून. मी मधे एक शब्द बोलले नाही. 

फुगा खिडकीबाहेर गेला तसे हे वळले. माझा चेहरा बघून घाबरले, हातानंच विचारलं, कोण?

मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "तुमचा लीड्सवाला. आत घेतलाय."